खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी : रात्री अकराच्या फरसाणाचे एक प्रकरण

तक्रार एका वाक्यात मावणारी होती : "दिवसभर मी नीट असते, रात्री अकराला माझा हात थांबत नाही."

वय 38. राहणे भांडुपला, नोकरी परळच्या एका कार्यालयात, हिशेब विभागात. घरात नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. उंची 156 सेंटीमीटर, वजन 74 किलो, कंबरेचा घेर 94 सेंटीमीटर. हे प्रकरण कोणा एका बाईंचे नाही. अशा तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे, आणि त्यातले वैयक्तिक आकडे त्या रचनेचेच आहेत. संशोधनाचे जे दाखले पुढे येतात ते मात्र जसेच्या तसे आहेत.

बाईंना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. हे व्यसन आहे, की आपल्यातच मनोनिग्रह नाही? घरात दोन्ही मते हजर होती. नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता की साखर कोकेनसारखी मेंदूला धरते. सासूबाईंचे म्हणणे होते, "अगं, जिभेचे चोचले असतात हे. मन जरा घट्ट कर." दोघांनाही त्यांची काळजी होती, आणि दोघांचेही निदान अर्धवट होते.

पहिली भेट प्रश्न विचारण्यात गेली. काय खाता यापेक्षा कधी खाता, कुठे बसून खाता, खाण्याआधीच्या तासात काय झालेले असते, हे विचारले की चित्र लवकर उघडते. दोन आठवडे वहीत नोंद ठेवायला सांगितली. खाल्ल्याबरोबर लिहायचे, रात्री आठवून नाही. आठवणीतून लिहिलेल्या वहीत खाणे कमी आणि अपराधीपणा जास्त उतरतो. तिच्यातला एक गुरुवार असा :

5.10, चहा, दोन चमचे साखर. 9.30, चहा. 1.15, एक केळे, मैत्रिणीच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी, लहान वाटी. 4.15, चहा. 7.50, घरी पोहोचले. 9.30, उपवास सोडला : दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडा वरणभात. 10.50, ओट्यापाशी उभ्याने. फरसाण, बिस्किटांचा पुडा, सकाळचा गार शिरा.

त्या शेवटच्या ओळीपाशी बराच वेळ थांबावे लागले. फरसाण अर्धा किलोच्या पिशवीत होते, तोंडाला रबर लावलेले. रबर काढताना पिशवी वाजते म्हणून त्या आधी नळ सोडायच्या. दिवा लावायच्या नाहीत, फ्रिजच्या उजेडात खायच्या. वीस-पंचवीस मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम फरसाण, शंभर ग्रॅम बिस्किटे आणि दोन वाट्या शिरा. म्हणजे अंदाजे 1,800 कॅलरी. रात्री साडेनऊपर्यंत सबंध दिवसात पोटात गेल्या होत्या पाचशेच्या आसपास. रिकामा पुडा घरच्या केराच्या डब्यात टाकायचा नाही. तो पर्समध्ये घालून सकाळी स्टेशनवर टाकायचा. मग डाव्या कुशीवर पडून राहायचे, छातीत जळजळ, आणि रडू. शुक्रवारच्या पानावर पहिली ओळ : "काल खूप झाले, आज नाश्ता नाही."

चौदा दिवसांत अशा रात्री 8. त्यांपैकी 7 दिवशी दुपारी एकपर्यंत चहाखेरीज काही पोटात गेले नव्हते. आठवी रात्र मुलाच्या शाळेतून आलेल्या फोनची होती. उरलेल्या 6 दिवसांपैकी 5 दिवशी सकाळचा नाश्ता झाला होता. या एका मोजणीने पुढच्या सगळ्या उपचाराची दिशा ठरली.

निदान काय झाले

'अन्नाचे व्यसन' हा शब्दप्रयोग वैद्यकीय लेखनात 1956 साली थेरॉन रँडॉल्फ यांनी वापरला. आज जगभर वापरली जाणारी प्रश्नावली मात्र 2009 मधली, येल विद्यापीठातली. ॲशली गिअरहार्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर ती तयार केली. तिची 2016 ची आवृत्ती दारू किंवा तंबाखूच्या व्यसनाचे 11 निकष अन्नाला लावून पाहते : ठरवल्यापेक्षा जास्त घेणे, सोडण्याचे फसलेले प्रयत्न, तीव्र ओढ, त्रास दिसत असूनही चालू ठेवणे, बंद केल्यावर चिडचिड, वगैरे. दोन-तीन लक्षणे सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा अधिक तीव्र. आणि त्याबरोबर खराखुरा त्रास किंवा कामात अडथळा असायलाच हवा. बाईंची लक्षणे सहा भरली, त्रास तर उघड होता. म्हणजे या फूटपट्टीने 'तीव्र'.

पण ही फूटपट्टी संशोधनासाठी आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत अन्नाचे व्यसन हे निदान नाही. त्याच पुस्तिकेत 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान म्हणून आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ते आहे. निकष असे : ठराविक वेळात इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त खाणे, त्या वेळी ताबा सुटल्याची भावना, आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने. शिवाय पाचपैकी तीन खुणा : भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेने एकटे खाणे, नंतर स्वतःची किळस किंवा अपराधीपणा. बाईंमध्ये पाचही होत्या. आठवड्याला चार वेळा म्हणजे मध्यम तीव्रता.

इथे एक बारीक पण महत्त्वाची चाळणी लावावी लागते. खाल्ल्यावर उलटी काढता का, जुलाबाच्या गोळ्या घेता का, आणि वजनासाठी अख्खा दिवस उपाशी राहता का? उत्तर होय असेल तर निदान बुलिमियाकडे, म्हणजे खूप खाऊन मग अशी भरपाई करण्याच्या विकाराकडे, झुकते आणि पोटॅशियमची तपासणी लगेच करावी लागते. आपल्याकडे तिसरा प्रश्न फसवा ठरतो, कारण उपवास देवाचाही असतो आणि प्रायश्चित्ताचाही. "गुरुवार दत्ताचा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण बुधवारी रात्री खाल्लेले असले की गुरुवारी खिचडीसुद्धा घेत नाही." नोंद ठेवली; असे महिन्यातून एखाद्या वेळी होत होते, त्यामुळे निदान बदलले नाही. पण देवाच्या उपवासात शिक्षेचा उपवास कसा मिसळतो ते कळले.

थायरॉइड ठीक निघाले. हिमोग्लोबिन 9.8, बी-12 कमी, तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. भूक वाढवणारी औषधे चालू नव्हती. स्टेरॉइड, ओलान्झापिन, मिर्टाझापिन यांची विचारपूस न करता 'हावरटपणा' म्हणून मोकळे होणे ही नेहमीची चूक आहे. मन उदास असायचे, जीव द्यावासा वाटत नव्हता. हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायचाच. उत्तर वेगळे आले असते तर आहाराचा तक्ता बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावे लागले असते. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत ती सोय आहे, आणि 14416 या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

बाईंनी आमच्याकडे येण्याआधी व्यसनाचाच उपचार करून पाहिला होता. साखर, मैदा, फरसाण, सगळे एकदम बंद. घरात आणायचे नाही, चाखायचे नाही. ओट्यावरच्या कपाटाला नवऱ्याने कुलूप लावले. नऊ दिवस निभावले. दहाव्या दिवशी ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस, केकचा एक तुकडा. त्या रात्री, पुढच्या रात्री आणि त्याच्याही पुढच्या रात्री आधी कधी नव्हते इतके खाणे झाले. कुलूप असल्याने फरसाण स्टेशनबाहेरून आले आणि ऑफिसच्या बॅगेत लपले. महिनाअखेरीस वजन एक किलोने वाढले आणि घरात निष्कर्ष निघाला की मनच कच्चे.

हे मन कच्चे असल्याचे लक्षण नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लॅट यांनी ही घसरण फार पूर्वी मांडून ठेवली आहे : नियम जितका कडक, तितका एक घास म्हणजे संपूर्ण पराभव, आणि पराभव झालाच आहे तर आता थांबायचे कशाला? आपल्याकडे याला जुनी म्हण आहे, खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी. दारूच्या बाबतीत निदान उंबरठा आखता येतो. एक थेंबही नाही. अन्नाला असा उंबरठाच नाही. दिवसातून तीनदा ताट समोर येणारच.

साखर आणि कोकेनची तुलनाही मुळातून वाचली की वेगळी दिसते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उंदरांनी साखरेवर व्यसनासारखे वागून दाखवले हे खरे. पण ते उंदीर रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखर दिलेले होते. ज्यांच्यापुढे साखर आणि खाणे दिवसभर होते त्यांच्यात तसे वागणे दिसले नाही. व्हिडिओत हा अर्धा भाग गाळलेला असतो. गुरुवारच्या पानाशेजारी हे वाक्य ठेवले तेव्हा बाई म्हणाल्या, "म्हणजे मी रोज स्वतःवर तोच प्रयोग करत होते."

माणसांवरचा दाखला याहून जुना आहे. 1944-45 मध्ये मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ती सगळी स्वयंसेवक, निग्रही माणसे. तरी ती पाककृतींची पुस्तके जमवू लागली, अन्नाखेरीज दुसरे बोलेनात, आणि जेवण पुन्हा मोकळे झाल्यावर त्यांच्यातल्या काहींना पोट भरल्याचे कळेनासे झाले. त्या तरुणांत संयम कमी होता असे कोणी म्हणणार नाही.

मग व्यसनाची बाजू सगळी खोटी का? नाही, आणि ते बाईंना तितक्याच स्पष्टपणे सांगितले. केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले. ताटात मांडलेली साखर, स्निग्धांश, तंतू, मीठ दोन्हीकडे सारखे. खायचे मनाला येईल तितके. प्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळपास 0.9 किलोने वाढली. दोन आठवड्यांत कोणाची इच्छाशक्ती बदलत नाही, त्यांच्यापुढचे ताट तेवढे बदलले होते.

ओढ आणि आवड हे मेंदूत दोन वेगळे व्यवहार आहेत, हे मिशिगनच्या केंट बेरिज यांचे काम इथे फार उपयोगी पडते. डोपामिन हे मेंदूतले रसायन 'हवे' म्हणायला लावते, 'छान' म्हणायला नाही. बाईंनी हे कुठेही न वाचता सांगितले होते : "शेवटच्या चार बिस्किटांची चवसुद्धा लागत नाही, तरी हात जातो." पीठ, तेल आणि मीठ एकत्र, किंवा साखर आणि तूप एकत्र, ही जोडी निसर्गात जवळपास सापडत नाही आणि मेंदू तिला दोघांच्या बेरजेहून जास्त किंमत देतो. म्हणून अकरा वाजता कोणाचा हात काकडीकडे जात नाही.

आमचे मत असे की काही पदार्थांची पकड खरी आहे, पण ती बसते उपाशी, दमलेल्या आणि लाजलेल्या माणसावर. पदार्थाला दोष देऊन तो बंद केला की उपासमार वाढते, आणि पकड आणखी घट्ट होते.

दुसरा प्रयत्न : आधी सकाळ

खाण्याच्या विकारांवरच्या वर्तनोपचाराचा पहिला टप्पा कंटाळवाणा वाटावा इतका साधा आहे : तीन जेवणे, दोन-तीन मधली खाणी, आणि जागेपणी चार तासांहून मोठी फट नाही. भूक असो वा नसो, घड्याळाप्रमाणे. रात्रीच्या खाण्याला या टप्प्यात हातच लावायचा नाही.

लोकलच्या वेळापत्रकात हे बसवायला दोन आठवडे गेले. पहाटे पाचला चहाबरोबर काही खाणे जमेना, उलटीसारखे व्हायचे. तो हट्ट सोडला. 6.45 ला, घर सोडण्याआधी, एक मोठी वाटी शेंगदाणे घातलेले पोहे आणि एक उकडलेले अंडे, किंवा मुगाची दोन धिरडी आणि दही. 10.30 ला मूठभर फुटाणे. 1.15 ला डबा : दोन पोळ्या, वाटीभर उसळ, भाजी, ताक. सगळ्यात निर्णायक ठरले 4.45 चे खाणे, एक फळ आणि मूठभर दाणे, ऑफिस सोडण्याआधीच. ते चुकले की परळ स्टेशनच्या पुलाखालच्या वड्याचा वास गाठतो, आणि तिथे सावरले तरी घरी पोहोचल्यावर कणीक मळता मळता चाखणे सुरू होते. 8.45 ला जेवण, सगळ्यांबरोबर बसून, अर्धपोटी न उठता. 10.15 ला हवे तर कपभर दूध.

दुसऱ्या आठवड्यात वजन 800 ग्रॅमने वाढले आणि बहुतेकजण इथेच सोडून देतात. दिवसा खाणे सुरू झालेले असते, रात्रीचे अजून थांबलेले नसते, शिवाय पोटात पाणी आणि अन्न जास्त राहते. हे आधी सांगून ठेवावे लागते, नंतर सांगितले तर ते समजूत घातल्यासारखे वाटते. वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी. रोज काट्यावर चढायचे नाही.

सासूबाईंचा आक्षेप वेगळाच होता. "उपवासाला सकाळीच खायचं?" गुरुवार सोडा असे सांगणे सोपे होते, पण ते चूक ठरले असते, श्रद्धा मोडली की त्याचाही अपराधीपणा त्याच वहीत जमा होतो. म्हणून उपवास ठेवला, उपाशीपणा काढला. सकाळी दही आणि राजगिऱ्याचा लाडू, दुपारी वरई आणि दाण्याची आमटी, चार वाजता फळ आणि दाणे. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट. भूक लवकर परत आणतो. दाण्याची आमटी सासूबाईंनी स्वतः हाती घेतली. तिथून घरातले वारे फिरले.

झोप साडेपाच तास होती. झोप अपुरी पडली की भूक लावणारे घ्रेलिन वाढते आणि पोट भरल्याचे सांगणारे लेप्टिन उतरते असे काही अभ्यासांत दिसले आहे, आणि गोड-तेलकटाची भूक विशेष वाढते. ती एका तासाने वाढवायची तर सकाळच्या डब्याची भाजी रात्री निवडून-चिरून हवी. हे काम नवऱ्याने घेतले. आमच्या अनुभवात या एका बदलाचा परिणाम समुपदेशनाच्या दोन-तीन बैठकींइतका होतो, आणि तो बाईंच्या मनोनिग्रहाच्या खात्यात लिहिता येत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही, म्हणून चहा आणि गोळी यांत तासाभराचे अंतर.

चौथ्या आठवड्यानंतर रात्रीकडे वळलो. खा-खा सुटते ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा वीसेक मिनिटांत ओसरते. तिला दाबायचे नाही, तेवढा वेळ ओट्यापासून लांब काढायचा. बाईंनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या निवडल्या, कारण त्या दुसऱ्या खोलीत होतात आणि दोन्ही हात गुंततात. दिवसभर जेवलेल्या पोटावर ही युक्ती चालते. उपाशी पोटावर चालत नाही, म्हणून ती पहिल्या आठवड्यात शिकवायची नसते.

आठव्या आठवड्यात फरसाण परत आणले. अर्धा किलो नाही, शंभर ग्रॅम. रविवारी पाच वाजता, सगळ्यांबरोबर, दिव्याच्या उजेडात, बसून : 30 ग्रॅम फरसाण, दोन मुठी कुरमुरे, कांदा, टोमॅटो, लिंबू. पहिल्या दिवशी हात थरथरत होते. चौथ्या रविवारी वाटीत थोडे उरले. क्रीमच्या बिस्किटांबाबत मात्र तीनदा प्रयत्न करूनही रात्र बिघडली, म्हणून ती सध्या घरात ठेवायची नाहीत असे ठरले. बाहेर कोणी दिले तर खायचे. कोणत्या पदार्थाला दारूसारखे लांब ठेवायचे आणि कोणाला घरात जागा द्यायची, हे तत्त्वाने ठरत नाही, अशा चाचणीने एकेक करून ठरते.

बाराव्या आठवड्याला रात्रीचे प्रसंग आठवड्याला चारवरून पंधरा दिवसांतून एकावर आले. वजन 72.6, साखर 5.8. वजनाचा आकडा पाहून नवरा जरा खट्टू झाला. या उपचाराने खाण्यावरचा ताबा परत येतो, वजन फार उतरत नाही, हे माहीत असलेलेच आहे. वजनासाठी वेगळा विचार, गरज पडली तर औषधांसह, ताबा सहा महिने टिकल्यावर फिजिशियनबरोबर करायचा असे ठरले.

गणपती दीड दिवसाचा. पाहुणे, जागरण, चौरंगाखाली करंज्यांचा डबा. दोन दिवस सकाळचा नाश्ता राहिला, आणि विसर्जनाच्या रात्री 11.20 ला वहीत सात करंज्या, उभ्याने, दिवा न लावता. अशा रात्रीसाठी एकच सूचना आधीपासून लिहून ठेवलेली होती : भरपाई करायची नाही, पुढचे खाणे त्याच्या वेळेला. पुढच्या पानावरची पहिली नोंद : "6.50. पोहे, एक वाटी. इच्छा नव्हती. खाल्ले."